साथीच्या काळात प्रवासाचे नियम: कोणता आदेश पाहायचा, कुठे आणि कधी

साथ पसरू लागली की पहिला प्रश्न येतो, "जायला परवानगी आहे का?" या प्रश्नाचे एकच उत्तर असेल असे धरून लोक ते शोधत बसतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. घरातून निघाल्यापासून मुक्कामी स्थिरावेपर्यंत तुम्हाला अडवू शकणारी पाच-सहा ठिकाणे असतात: जिल्ह्याचा नाका, राज्याची सीमा, विमान कंपनीचा काउंटर, मधला विमानतळ, उतरल्यावरचा आरोग्य कक्ष आणि शेवटी सोसायटी किंवा गाव. प्रत्येक ठिकाणचा माणूस वेगळ्या आदेशावर बोट ठेवून काम करतो. म्हणून नियम अख्ख्या प्रवासाचा शोधू नका, एकेका ठिकाणाचा शोधा.

खालची उदाहरणे २०२० ते २०२३ या कोविडकाळातली आहेत. ते नियम आता लागू नाहीत, त्यामुळे त्यातले तास आणि दिवस पुढच्या वेळी जसेच्या तसे वापरू नका. उपयोगाची आहे ती पद्धत, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला टप्पा सोडून थेट चाचणीची वेळ घेणारेच सर्वात जास्त अडकतात.

## टप्पा १: प्रवासाचे तुकडे पाडा

गुगल उघडण्याआधी कागद घ्या. डाव्या बाजूला वाटेतली ठिकाणे क्रमाने लिहा. प्रत्येकासमोर पोहोचण्याची तारीख, वेळ आणि वाहन लिहा. कोल्हापूरहून दुबईला जाणाऱ्याचा कागद असा दिसेल: कोल्हापूर ते मुंबई स्वतःच्या गाडीने, मुंबई विमानतळ, दुबई विमानतळ, दुबईतला पत्ता. परतीचा प्रवास खाली वेगळा लिहा, कारण त्याचे नियम वेगळे असतात.

वाहन लिहायला सांगतो त्याला कारण आहे. २० ऑगस्ट २०२० पासून एसटीच्या आंतरजिल्हा गाड्या सुरू झाल्या तेव्हा एसटीच्या प्रवाशाला ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचा ऑनलाइन परवाना, लागत नव्हता, पण त्याच रस्त्याने खासगी गाडीतून जाणाऱ्याला लागत होता. रस्ता तोच, जिल्हा तोच, फक्त वाहन बदलले की नियम बदलला.

मग प्रवाशांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे या गोष्टी हव्यात:

- वय, पूर्ण झालेल्या वर्षांत. मुलांची सूट वयावर ठरते.
- नागरिकत्व आणि व्हिसाचा प्रकार. नागरिक, कायम रहिवासी आणि पर्यटक यांना बहुधा वेगवेगळे कलम लागते.
- लस कोणती, शेवटचा डोस कोणत्या तारखेला.
- गेल्या १४ दिवसांत कोणत्या देशांत पाय पडला, अगदी विमान बदलायला उतरला असाल तरी.

शेवटचा मुद्दा हमखास सुटतो. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणारी विमाने थांबवली तेव्हा बंदी विमानापुरती नव्हती. मागच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या प्रवाशाला तिसऱ्या देशामार्गेही शिरता येत नव्हते. मेमध्ये अमेरिकेने बिगर-नागरिकांसाठी तसाच नियम केला. "मी तर दुसऱ्याच देशातून येतोय" हे म्हणणे अशा वेळी चालत नाही.

तपासा: कागदावर प्रत्येक ठिकाणासमोर "इथे मला कोण अडवू शकतो?" याचे उत्तर आहे का? पोलीस, विमान कंपनी, इमिग्रेशन, आरोग्य अधिकारी, ग्रामपंचायत. ज्या ओळीसमोर नाव नाही, ती ओळ अपुरी आहे.

## टप्पा २: आदेश कुणाचा चालतो ते ठरवा

भारतात साथीच्या काळातले प्रवासाचे आदेश मुख्यतः आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांच्या आधारे निघाले. त्यांची उतरंड अशी: केंद्रात गृह आणि आरोग्य मंत्रालय, विमानांसाठी नागरी विमान वाहतूक खाते, राज्यात मुख्य सचिवांचा आदेश, जिल्ह्यात जिल्हाधिकारी, शहरात महापालिका आयुक्त. खेड्यात ग्राम कृती दल, म्हणजे गावातली साथ-नियंत्रणाची समिती.

ढोबळ नियम लक्षात ठेवा: खालच्या पायरीला वरचा नियम कडक करता येतो, सैल करता येत नाही. टाळेबंदीच्या केंद्रीय आदेशांत राज्यांनी नियम सौम्य करू नयेत असे वाक्यच असायचे. त्यामुळे दिल्लीहून "प्रवास मोकळा" अशी बातमी आली म्हणजे साताऱ्याचा नाका मोकळा झाला असे होत नाही.

२०२० चा ऑगस्ट आठवा. केंद्राच्या अनलॉक आदेशात राज्यांतर्गत आणि राज्याबाहेरच्या प्रवासाला वेगळी परवानगी लागणार नाही असे होते. २२ ऑगस्टला केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना तसे पत्रही पाठवले. तरी महाराष्ट्रातला ई-पास गेला तो राज्याच्या ३१ ऑगस्टच्या आदेशाने, २ सप्टेंबरपासून. मधल्या दिवसांत फक्त केंद्राची बातमी वाचून निघालेला माणूस जिल्ह्याच्या हद्दीवर अडला असता, आणि त्याच्या हातातली बातमी खरी असूनही कामाची नव्हती.

कधी राज्याला आपला कडक नियम मागेही घ्यावा लागतो. ओमिक्रॉन आल्यावर ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने केंद्रापेक्षा कडक नियम काढले. "जोखमीच्या" देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण, आणि देशांतर्गत विमान प्रवाशांना ४८ तासांतली चाचणी. दुसऱ्याच दिवशी केंद्राने राज्याला पत्र लिहून नियम आपल्याशी जुळवायला सांगितले, आणि २ डिसेंबरला सुधारित आदेश निघाला. तीन दिवसांत दोन नियम. अशा वेळी दोन सरकारांत मतभेद असल्याची बातमी दिसली, तर कडक नियम गृहीत धरून तयारी करा आणि पुढच्या ४८ तासांत पुन्हा पाहा.

राज्याची सीमा ओलांडायची असेल तर जिथे शिरायचे आहे त्या राज्याचा आदेश पाहायचा. ही चूक सीमाभागात सतत होते. कोल्हापूर-निपाणी रस्त्यावर कोगनोळीला कर्नाटकाचे पोलीस कर्नाटकाच्या आदेशावर तपासणी करत होते. ३१ जुलै २०२१ च्या कर्नाटकाच्या आदेशाने महाराष्ट्र आणि केरळमधून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा होता, दोन डोस झालेले असले तरी. महाराष्ट्रात त्या वेळी दोन डोसवाल्यांना कुठे-कुठे सवलत होती, याचा तिथे काहीच उपयोग नव्हता.

आणि गोवा. मे २०२१ मध्ये पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे या नाक्यांवर ७२ तासांतला निगेटिव्ह अहवाल मागायला सुरुवात झाली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या निर्देशामुळे, १० मेपासून. म्हणजे नियम उतरंडीच्या बाहेरूनही येऊ शकतो. सरकारी संकेतस्थळावर काही दिसत नसेल आणि बातमीत न्यायालयाचा उल्लेख असेल, तर ती बातमी बाजूला टाकू नका.

गावाला जाणाऱ्यांनी शेवटची पायरी विसरू नये. २०२० च्या गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी दहा दिवसांचे विलगीकरण होते, आणि गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला असल्याने १२ ऑगस्टपर्यंत पोहोचणे भाग होते. त्यानंतर निघणाऱ्यांना आधी चाचणी. विलगीकरण घरात करायचे की शाळेत, हे प्रत्यक्षात गावातच ठरते. म्हणून निघण्याआधी सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक यांच्याशी फोनवर बोलून घ्या. घरच्यांच्या निरोपावर राहू नका, कारण त्यांना बऱ्याचदा अर्धेच ठाऊक असते.

## टप्पा ३: मूळ आदेश मिळवा आणि नीट वाचा

बातमी म्हणजे आदेश निघाल्याची खूण. नियम आदेशातच असतो. बातमीवरून तारीख आणि खाते कळले की त्या खात्याच्या संकेतस्थळावर पीडीएफ शोधा. राज्याचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर खाते आणि तारखेनुसार सापडतात. जिल्ह्याचे आदेश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर "सूचना" किंवा "आपत्ती व्यवस्थापन" या विभागात असतात. परदेशासाठी त्या देशाच्या सरकारचे पान, भारतातला त्याचा दूतावास, आणि विमान कंपनीचे पान, असे तिन्ही पाहा.

पत्ता सरकारी आहे ना हे आधी पाहा. भारतात तो "गव्ह डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" ने संपतो. सरकारी चिन्ह वर लावून व्हिसा आणि परवान्याचे अर्ज भरून देणारी खासगी पाने शोधात पहिल्या क्रमांकावर दिसतात.

सावधान: महाराष्ट्र पोलिसांचा ई-पास मोफत होता. भारतात येणाऱ्यांसाठीचा एअर सुविधा अर्जही मोफत होता. आरोग्य घोषणापत्रासाठी किंवा प्रवास-पासासाठी कुणी पैसे मागत असेल, तर पान बंद करा आणि मूळ ठिकाण शोधा.

आदेश हाती आला की वरून खाली वाचत बसू नका. ही सहा उत्तरे त्यातून काढा आणि आपल्या कागदावर लिहा.

तारीख. क्रमांकावर विसंबू नका. महाराष्ट्राच्या कोविड आदेशांवर फाइलचा एकच क्रमांक, डीएमयू/२०२०/सीआर-९२, वेगवेगळ्या तारखांच्या आदेशांवर येत राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रत खरी, सही-शिक्क्याची असायची, फक्त सहा महिने जुनी. खोट्या आदेशापेक्षा जुना खरा आदेश जास्त लोकांना फसवतो, कारण त्यात पकडण्यासारखे काही नसते.

अंमल कधीपासून. आदेशाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असते. भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठीचे ७ जानेवारी २०२२ चे नियम ११ जानेवारीपासून लागू झाले, आणि १० फेब्रुवारीचे १४ फेब्रुवारीपासून. तुमचे विमान आदेशाची तारीख आणि अंमलाची तारीख यांच्या मध्ये असेल तर जुनाच नियम लागतो. वेळही पाहा. ब्रिटनहून येणारी विमाने २०२० मध्ये "२२ डिसेंबरच्या रात्री ११:५९ पासून" थांबवली होती. हीच गोष्ट "२२ च्या मध्यरात्रीपासून" अशी सांगितली की अर्धे लोक २१ ची रात्र धरतात, अर्धे २२ ची. कागदावर तारीख आणि २४ तासांच्या घड्याळातली वेळ, दोन्ही लिहा.

कुणाला लागू. "येणारे सर्व प्रवासी", "जोखमीच्या देशांतून येणारे", "लस न घेतलेले". तुमच्यातला प्रत्येक जण कोणत्या गटात बसतो हे वेगवेगळे ठरवा. कुटुंब एक असले तरी गट एक असेलच असे नाही.

सूट. सूट बहुतेक वेळा शेवटच्या पानावर किंवा परिशिष्टात असते: लहान मुले, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, उपचार, रोज सीमेपलीकडे कामाला जाणारे. सवलतीसोबत पुरावा कोणता हवा हेही तिथेच लिहिलेले असते. पुरावा नसेल तर सूट नाही असेच समजा.

आधीच्या आदेशांचे काय. "यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत" असे वाक्य असेल तर जुने बाजूला ठेवा. "उर्वरित अटी व शर्ती कायम राहतील" असे असेल तर जुना आदेशही शोधून वाचावाच लागतो, कारण नव्यात फक्त बदल असतो. हे वाक्य न पाहिल्याने लोक निम्माच नियम पाळतात.

मुदत. कधीपर्यंत? "पुढील आदेशापर्यंत" असेल तर तो उद्याही बदलू शकतो. मुदतीची तारीख असेल तर ती वाढण्याची शक्यता धरा. ब्रिटनची वर सांगितलेली बंदी ३१ डिसेंबरपर्यंत होती, ती ७ जानेवारी २०२१ पर्यंत वाढली.

यानंतर त्याच पानावर शुद्धिपत्रक किंवा स्पष्टीकरण आहे का पाहा. मोठा आदेश निघाला की एक-दोन दिवसांत प्रश्नोत्तरांच्या रूपात स्पष्टीकरण येते, आणि नाक्यावरचा पोलीस तेच वापरतो.

कधी नियम ठरलेल्या वारी बदलतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात जिल्ह्यांचे पाच स्तर होते. बाधितांचे साप्ताहिक प्रमाण आणि व्यापलेल्या ऑक्सिजन खाटा यांचे आकडे गुरुवारी यायचे आणि नवा स्तर सोमवारपासून लागायचा. पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यात जायला ई-पास लागे. अशी पद्धत असेल तर बुधवारी तिकीट काढून पुढच्या बुधवारी निघणाऱ्याने मधल्या गुरुवारी पुन्हा पाहिलेच पाहिजे.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक ठिकाणासमोर आदेशाची तारीख, अंमलाची वेळ आणि तुम्हाला लागू होणारे कलम लिहिले आहे का? "कुणीतरी सांगितले" असे जिथे लिहावे लागेल, ती ओळ अजून मोकळी आहे.

## टप्पा ४: तास मोजा, मग चाचणीची वेळ घ्या

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. "७२ तासांच्या आतला अहवाल" या चार शब्दांत तीन प्रश्न लपलेले असतात.

पहिला, घड्याळ कधी सुरू होते? बहुतेक ठिकाणी नमुना घेतल्याच्या वेळेपासून. अहवाल मिळाल्याच्या वेळेपासून मोजणारे हमखास चुकतात, कारण मध्ये १२ ते २४ तास गेलेले असतात.

दुसरा, घड्याळ कधी थांबते? विमान सुटताना, उतरताना, की नाक्यावर पोहोचताना? आदेशात "प्रवास सुरू करण्यापूर्वी" असेल तर सुटण्याच्या वेळेपर्यंत. "आगमनापूर्वी" असेल तर प्रवासाचे तासही त्यात जातात. विमान बदलत जाणाऱ्यांनी पहिले उड्डाण धरायचे की शेवटचे हे वेगळे पाहावे. अमेरिकेच्या नियमात एकाच आरक्षणातली आणि मधला थांबा २४ तासांपेक्षा जास्त नसलेली उड्डाणे असतील तर पहिले उड्डाण धरत. तिकिटे वेगवेगळी काढली की ही सवलत जायची.

तिसरा, मोजायचे तास की दिवस? डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने "एक दिवस आधी" अशी अट घातली. ती मुद्दाम दिवसात होती: शुक्रवारी रात्री दहाच्या विमानासाठी गुरुवारी सकाळी आठची चाचणीही चालत होती, जरी मध्ये २४ पेक्षा जास्त तास गेले तरी. याउलट दुबईचे ४८ तास म्हणजे नेमके ४८ तास.

आता प्रत्यक्ष हिशोब. २०२१ च्या उत्तरार्धात भारतातून दुबईला जाताना दोन चाचण्या लागत: ४८ तासांतली आरटी-पीसीआर, आणि निघण्याच्या विमानतळावरच रॅपिड पीसीआर, आधी ४ आणि पुढे ६ तासांच्या आत. समजा कोल्हापूरचे कुटुंब आहे, मुंबईहून रविवारी पहाटे ४:३० चे विमान. हिशोब उलटा, विमानापासून मागे करायचा.

१. रविवार ४:३० मधून ४८ तास वजा: नमुना शुक्रवारी पहाटे ४:३० च्या आधीचा नको.

२. कोल्हापुरातून शनिवारी दुपारी १२ ला निघायचे, कारण रस्ता आठ-नऊ तासांचा आणि वर वाहतूक. म्हणजे अहवाल शनिवारी सकाळी ११ पर्यंत हातात हवा.

३. लॅब २४ तास घेते. म्हणजे नमुना शुक्रवारी सकाळी ११ च्या आधी. उरली खिडकी शुक्रवारी पहाटे ४:३० ते सकाळी ११. लॅब उघडते ८ ला. खरी खिडकी तीन तासांची.

४. सकाळी ९ ला नमुना दिला तर अहवाल रविवारी सकाळी ९ पर्यंत चालतो. म्हणजे विमान साडेचार तासांपर्यंत उशिरा सुटले तरी चालेल. ८ ला दिला असता तर साडेतीन तास.

५. चार तासांच्या नियमात रॅपिड पीसीआर रविवारी ००:३० च्या आधी करून उपयोग नाही, आणि काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतो. त्या रांगेसाठी आणि अहवालासाठी मधले तीनच तास. शनिवारी रात्री बारा वाजेपर्यंत विमानतळावर पोहोचलेले असावे.

हा हिशोब केल्यावरच लॅबला फोन करा. विचारायचे प्रश्न: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी अहवाल मिळतो का, नमुना तिथेच तपासता की दुसऱ्या शहरात पाठवता, अहवालावर नमुना घेतल्याची वेळ छापता का. गावाकडच्या केंद्रात घेतलेला नमुना जिल्ह्याच्या किंवा पुण्याच्या लॅबला जातो, तेव्हा २४ तासांचे ३६ होतात.

सावधान: रॅपिड अँटिजेन आणि आरटी-पीसीआर वेगळ्या चाचण्या आहेत. स्वस्त आणि तासाभरात होते म्हणून अँटिजेन करून नाक्यावर जाणारे परत फिरले आहेत. आदेशात चाचणीचे जे नाव आहे तेच अहवालावर हवे.

लसीचेही घड्याळ असते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईची लोकल दोन डोसवाल्यांना खुली झाली तेव्हा दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस पूर्ण व्हायला हवे होते. पीतज्वराचा (यलो फिव्हरचा) नियम तर आजही चालू आहे: लसीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. केनियासारख्या देशातून भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. निघण्याच्या आठवड्यात टोचून उपयोग नाही.

## टप्पा ५: कागदावरचे नाव जुळवा

पासपोर्टवर आपले नाव "आडनाव" आणि "दिलेले नाव" असे दोन भागांत असते, आणि दुसऱ्या भागात बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव धरलेले असते. आधारवरून घेतलेल्या प्रमाणपत्रात क्रम वेगळा, कधी मधले नाव गायब, कधी लग्नाआधीचे आडनाव. नाक्यावर हे खपते, विमानाच्या काउंटरवर खपत नाही. लॅबमध्ये अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव त्यातल्या अक्षरांनीच लिहा. पासपोर्ट क्रमांक अहवालावर छापायला सांगा.

जन्मतारीखही तितकीच महत्त्वाची. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य करायला ११ ऑक्टोबर उजाडला. त्या वादात कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नसणे हा एक मुद्दा होता, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी ती नंतर जोडली गेली. म्हणून "लस मान्य आहे का?" आणि "प्रमाणपत्र मान्य आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न समजून दोन्हींची उत्तरे शोधा.

क्यूआर कोड दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून पाहा. तो मूळ अहवालाकडे नेत नसेल तर लॅबकडून दुरुस्त करून घ्या. प्रत्येक कागदाच्या दोन छापील प्रती ठेवा, एक हातातल्या पिशवीत, एक सामानात. फोनची बॅटरी रांगेतच संपते.

## टप्पा ६: परतीचा नियम आत्ताच पाहा

जाण्याचे सगळे नीट करून परतीला अडकलेले लोक जास्त असतात, कारण परदेशात लॅब, भाषा आणि दर यांची ओळख नसते.

आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण घ्या. दुबईला जाताना १२ वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती. भारतात परतताना सूट होती ती फक्त ५ वर्षांखालच्या मुलांना. म्हणजे जाताना त्याला काहीच लागले नाही, येताना आरटी-पीसीआर लागली, आणि आईवडिलांनी चाचणीची वेळ फक्त दोघांसाठी घेतलेली.

शिवाय रद्द झालेला नियम परत येतो. एअर सुविधाचा अर्ज २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. २९ डिसेंबरला जाहीर झाले की चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड इथून येणाऱ्यांना १ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांतला अहवाल आणि तोच अर्ज पुन्हा लागेल. नाताळानंतर बँकॉकला गेलेल्या माणसाने निघताना पाहिलेला नियम परततानाच्या दिवशी खोटा ठरला होता. फेब्रुवारीच्या मध्यावर तो पुन्हा गेला.

म्हणून पोहोचल्याच्या दिवशी मुक्कामाजवळची एक लॅब, तिचे दर आणि अहवालाला लागणारा वेळ लिहून ठेवा, आज गरज नसली तरी.

## टप्पा ७: पुन्हा पाहण्याचे वेळापत्रक

रोज तासातासाला बातम्या पाहून काही मिळत नाही, फक्त घाबरायला होते. या वेळा पुरेशा आहेत:

- तिकीट काढण्याआधी, आणि तिकिटाच्या रद्द करण्याच्या अटींसह. पैसे परत मिळणार की फक्त पुढच्या प्रवासासाठी जमा राहणार?
- निघण्याआधी १४ दिवस: लस, व्हिसा, प्रवासाचा पूर्वेतिहास.
- ७ दिवस आधी: सगळे आदेश नव्याने उघडा. डाउनलोड केलेली जुनी पीडीएफ पाहू नका, संकेतस्थळावरून पुन्हा घ्या.
- चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. नियम ७२ चा ४८ झाला असेल तर चाचणी पुढे ढकलता येते. नमुना दिल्यावर काही करता येत नाही.
- निघण्याच्या सकाळी, विमान कंपनीचे पान आणि तिचा संदेश.
- परतीच्या चार दिवस आधी, परतीच्या चाचणीसाठी.

मधल्या काळात एखादा फॉरवर्ड आला तर त्यातली तारीख आणि खाते पाहून मूळ ठिकाणी शोधा. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या संदेशांसाठी पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, तथ्य-तपासणी विभाग आहे. घरातल्या एकानेच हे काम करावे हे बरे. चौघे चार ठिकाणी पाहतात तेव्हा शेवटी जो मोठ्याने बोलतो त्याचा नियम चालतो.

## टप्पा ८: काउंटरवर किंवा नाक्यावर अडवले तर

विमान कंपनीचा कर्मचारी स्वतःच्या मताने अडवत नाही. त्याच्यासमोर टिमॅटिक नावाची प्रणाली असते. प्रवाशाचे नागरिकत्व, गंतव्य आणि मधले थांबे घातले की कोणते कागद हवेत ते ती दाखवते. अपुऱ्या कागदांच्या प्रवाशाला नेले तर कंपनीला दंड होतो, म्हणून तो प्रणालीच्या पलीकडे जाणार नाही. वाद घालण्यापेक्षा विचारा, "कोणता कागद कमी दिसतोय? नियमाचे वाक्य दाखवता का?" बऱ्याचदा चूक गट निवडण्यात असते: रहिवासी व्हिसा असताना पर्यटक निवडलेले असते. छापील आदेश आणि त्यातले अधोरेखित कलम समोर ठेवले की वरिष्ठाला बोलावणे सोपे जाते.

तरीही नेले नाही तर कारण लेखी घ्या, निदान ईमेलवर. त्याशिवाय परतावा आणि विमा दोन्ही अवघड होतात.

नाक्यावर सवलतीचा पुरावा मूळ प्रतीत दाखवा, कारण फोनमधल्या फोटोवर पोलिसांचा भरवसा नसतो. प्रवेश नाकारला तर दुसऱ्या आडवाटेने शिरायचा प्रयत्न करू नका. आपत्ती कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि सोबतच्या सगळ्यांवर येतो.

## टप्पा ९: पोहोचल्यावरचे दिवस

विलगीकरणाचे दिवस मोजताना पोहोचल्याचा दिवस पहिला की शून्य हे आदेशात पाहा. ब्रिटनमध्ये तो शून्य होता, म्हणजे दहा दिवस दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. एका दिवसाच्या चुकीने माणूस एक दिवस आधी बाहेर पडतो, किंवा पुढचे तिकीट एक दिवस आधीचे काढतो. भारतात काही काळ सात दिवस घरी राहून आठव्या दिवशी चाचणी करायची होती. त्या चाचणीची वेळ पोहोचल्याच्या दिवशीच ठरवून टाका.

मार्च २०२० मध्ये मुंबई विमानतळावर हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली, त्यावर विलगीकरण संपण्याची तारीख असायची. शिक्का पुसट झाला म्हणून मुदत संपत नाही. बोर्डिंग पास, चाचणीचे अहवाल आणि घोषणापत्राची प्रत मुदत संपल्यावरही आणखी महिनाभर जपून ठेवा. त्या विमानातला एखादा प्रवासी नंतर बाधित निघाला, तर आरोग्य खात्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो आसन क्रमांकाचा.